शेवटच्या रांगेच्या मागून

भुतांच्या बाबतीत माझं म्हणणं साधं होतं... ती खरी असती, तर त्यांच्याबद्दल थापा मारण्यात काय मजा? मिरजेत आमच्या गल्लीतल्या चिंचेवरचा मुंजा मीच जन्माला घातला होता. अर्धी गल्ली त्याला घाबरायची आणि मी दर अमावास्येला त्याला नव्या खोड्या पुरवायचो. असा माणूस असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणार? शक्यच नाही. तेव्हा पुढचं वाचताना मीठ-मसाला बेशक वजा करा. फक्त एका वाक्यातून काही वजा करू नका. ते आलं की सांगतो.

ऐंशीचं दशक. नेमकं साल सांगितलं की तुम्ही माझं वय काढाल. मी अमेरिकेत, ॲन आर्बरला पीएच.डी. करत होतो — म्हणजे पीएच.डी. मला करत होती. ज्या प्रयोगावर उमेदीची वर्षं घातली, तो ख्रिसमसच्या तोंडावर परत फसला. थंडी तर अशी, की बस स्टॉपवर शिंकलं की शिंक खाली पडून फुटल्याचा आवाज यायचा. रूममेट वानखेडे, अस्सल नागपूरकर, सुट्टीला शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूजवळ मावशीकडे निघाला.

"चल ना बे," म्हणाला, "मावशी जिलेबी करते."

मी नाही म्हटलं. कारण माझं ठरलं होतं. सुट्टी संपली की सोमवारी गाईडला सांगायचं — बस झालं, मी घरी चाललो. बॅग भरून पलंगाखाली सरकवली होती. वानखेडेला बोललो नव्हतो.

तो गेला आणि मराठीचा एक शब्द कानावर पडेना. घरी फोन लावला असता तर आईचं "हॅलो" ऐकूनच रडलो असतो, म्हणून तोही लावला नाही. शेवटी मी फोडणीशी बोलायला लागलो. "काय बाई, तडतडलीस का?" ती तरी उत्तर द्यायची.

शनिवारी घरमालकीणबाईंनी दार वाजवून ऑपेराचं एक तिकीट हातात ठेवलं. त्यांच्या बहिणीला ताप आला होता. म्हणाल्या, "गो, हनी. यू लुक लाइक अ घोस्ट." (भूत त्यांनी मला म्हटलं, हे लक्षात असू द्या.)

दुपारचा खेळ होता. बसने बराच प्रवास करून पोचलो. तळ्याकाठी नवंकोरं ऑपेरा हाऊस, नुसती काच आणि काँक्रीट, पुढून अर्धं पाण्यात घुसलेलं — जणू पाय धुवायला बसलंय. आणि तळं म्हणजे आपला रंकाळा नव्हे हो! त्यात अख्खा सांगली जिल्हा बुडवला असता तरी पाणी बोटभर चढलं नसतं. आत सगळे जोडीजोडीने. बायकांच्या अंगावर इतकी फर, की अस्वलांच्या लग्नाला आल्यासारखं वाटलं. मी वानखेडेच्या कोटात, बाह्या बोटांपर्यंत.

माझी जागा अगदी वर, शेवटच्या रांगेत. शेजारची खुर्ची रिकामी. मागे उघडी काँक्रीटची भिंत. टेकलो तर पाठीला गारठा. पलीकडे थेट तळं.

गाणं इटालियन. नायिका मरायला टेकलेली, पण गळा असा, की यमाचा रेडासुद्धा ऐकत बसावा. एका जागी तिने तान घेतली — वरून खाली, पाण्यावर भाकऱ्या काढाव्यात तशी टप् टप् टप् — आणि अलगद थांबली. आता आमच्या मिरजेत संगीत नाटकात अशी जागा आली की काय करतात? मीही तेच केलं. उभा राहिलो आणि छाती फोडून ओरडलो —

"वन्स मोऽऽअर!"

सगळं थिएटर वळलं. ज्यांनी टाळ्या सुरू केल्या होत्या त्यांचेही हात थांबले. तिथे फार तर 'ब्राव्हो' म्हणतात. परत गा म्हणणं म्हणजे कोर्टात जज्जसाहेबांना 'निकाल पुन्हा वाचा' म्हणण्यासारखं! कान तापले. वाटलं, इथे आपलं काही बरोबर नाही... बॅग भरलीय तेच बरं. मी खाली बसणार —

तोच मागून आवाज आला. भरदार, तंबाखूत मुरलेला.

"वन्स मोऽऽअर! ...वरडा की वो पाव्हणं, आमी हाय मागं!"

हेच ते वाक्य. यातून काही वजा करू नका.

वळलो. भिंत. हात लावून पाहिला. भिंतच. भीती वाटली असती तर गोष्टीला शोभा आली असती, पण खरंच सांगतो, नाही वाटली. मला इतका आनंद झाला, की मी त्या काँक्रीटला विचारलं, "मिरजेचे का?"

खाली त्या बाईने वर पाहिलं, हसली, आणि वादकांना खूण करून तीच जागा परत घेतली. (हे वजा केलंत तरी चालेल.)

मग पांढऱ्या केसांची अटेंडंट बाई बॅटरी घेऊन आली. कुजबुजली, "सर, यू अँड युवर फ्रेंड... प्लीज, नो शाउटिंग."

"विच फ्रेंड?"

"द जेंटलमन बिहाइंड यू," म्हणत तिने माझ्या खांद्यावरून बॅटरी मारली. उजेड भिंतीवर पडला. ती बघत राहिली. मीही. मग तिने बॅटरी विझवली आणि निघून गेली.

इंटरव्हलला मी सगळे जिने, सगळी बाथरूम्स पालथी घातली. "अहो! मराठी कोण आहे इथे?" फरवाल्या बायका बाजूला सरकत होत्या. काचेबाहेर गोठलेलं, करडं तळं. त्यावर एक पक्षीसुद्धा नाही. खेळ सुटल्यावर दारात उभं राहून एकेक चेहरा पाहिला. बेत ठरला होता — भेटला की त्याला खोलीवर न्यायचं, पिठलं-भात करायचा. माणूस नसला तर तांदूळ दुप्पट लावायचा. शेवटी ती अटेंडंट बाई कोट घालून बाहेर आली, माझी नजर चुकवून गेली, आणि दारं लागली.

वानखेडे रविवारी परतला. सगळं ऐकून म्हणाला, "काहून फेकतो बे! आणि तुमच्याचकडचा कसा आला? नागपूरचा काहून नाही?" मग पलंगाखालची भरलेली बॅग त्याला दिसली. त्याने जिलेबीचा डबा माझ्याकडे सरकवला.

सोमवारी गाईडने विचारलं, "सो?" माझं वाक्य घोकून तयार होतं. पण पाठीमागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं, आणि तोंडातून निघालं, "पुन्हा एकदा करून बघतो."

आता अमेरिकेतच, कॅरी नावाच्या गावात राहतो, रिटायर झालोय. आजवर पुष्कळ डोकं चालवलं. प्रतिध्वनी म्हणावा, तर प्रतिध्वनी 'पाव्हणं' म्हणत नाही. एकटेपणाने माझे कान वाजले म्हणावं, तर त्या अटेंडंट बाईला माणूस कसा दिसला? याचं उत्तर वानखेडेकडेही नाही, आणि त्याच्याकडे सगळ्याचं असतं.

कुठलाही कार्यक्रम असो, मी शेवटून दुसऱ्या रांगेत बसतो. मुलगी वैतागते. "बाबा, देअर आर सीट्स इन द फ्रंट!"

"मागं जागा लागते गं."

"फॉर हू?"

जागा आली की अजून 'वन्स मोअर' देतो. मुलगी खुर्चीत खाली सरकते. मी लगेच बसत नाही. कान मागे लावून थोडा वेळ तसाच उभा राहतो.