कमरेशी धरलेला कॅमेरा

कपाट आवरताना कॅमेऱ्याच्या चामडी पाकिटाचा वास आला आणि जालन्यातलं सलीमभाईंचं दुकान आठवलं. मला रस्त्यावरच्या माणसांचे फोटो त्यांच्या नकळत काढायचे होते. सलीमभाईंनी रोलचे दोन कॅमेरे पुढे ठेवले. एक मोठा, दुसरा मुठीत मावणारा.

"मोठा घ्या साहेब. फोटो बराबर येतो."

वडील शहागडहून सोबत आले होते आणि दारातच चहा पीत बसले होते. मी मोठा कॅमेरा डोळ्याला लावताच त्यांनी कप खाली ठेवला, टोपी सरळ केली, गळ्याचं बटण लावलं आणि ताठ झाले. घरातल्या प्रत्येक फोटोत ते असेच आहेत.

मग मी छोट्यात रोल घालायला लावला, डोळ्याला लावावा लागू नये म्हणून फोकसचं अंतर आधीच सहा फुटांवर ठेवलं आणि तो कमरेशी धरून उभा राहिलो.

"अरे, कॅमेरा घेऊन राह्यला का बैल? दात बी बघून घे मंग!" म्हणत वडील स्वतःच हसले. मी बटण दाबलं.

फोटो तिरका आला, टोपी अर्धी कापली गेली. वडील गेले तेव्हा हार घालायला ताठ बसल्याचे चांगले फोटो होते. आईने हा तिरकाच पुढे केला.

"हेच हायेत ते," ती म्हणाली.