हिरामणराव शब्द फोडतात

नाशकात गंगापूर रोडला ज्याचा फ्लॅट आहे, त्याचं घर वणीकडच्या नातेवाइकांच्या लेखी घर नसतंच. ती दवाखान्याची ओसरी असते. हिरामणराव पगारांनी हे केव्हाच मान्य केलं होतं. सरकारी नोकरीत असल्यापासून ते गावाकडच्या पेशंटला डॉक्टरांकडे नेत, नंबर लावत, आत शेजारी बसून मान डोलवत. बाहेर आल्यावर लोक विचारत, "काय म्हणले डॉक्टर?" आणि हिरामणरावांकडे एकच उत्तर असे, "गोळ्या दिल्यात." आत चाललेल्या बोलण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, आणि हे आपल्याला कळत नाही याची त्यांना मनातून फार लाज वाटे.

म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी क्लास लावला. दवाखान्याच्या काउंटरवर नोकरी करू इच्छिणाऱ्या मुलींसाठी वैद्यकीय शब्द शिकवायचा तो क्लास होता. त्यात पहिल्या बाकावर हे आजोबा. शिकवायला मालेगावच्या तरन्नुम मॅडम होत्या. त्या म्हणत, एवढ्या मोठ्या शब्दाला घाबरायचं नाही, जुडी सोडून भाजी निवडतो तसा तो निवडायचा. हेपॅट म्हणजे यकृत, गॅस्ट्र म्हणजे जठर. शेवटी आयटिस आलं की सूज, एक्टॉमी आलं की कापून काढणं, ओमा आलं की गाठ. हिरामणराव हरखून गेले. जन्मभर ज्या कुलपापुढे ताटकळलो, त्याची किल्ली इतकी सोपी होती तर.

मॅडम आणखीही एक गोष्ट दर तासाला सांगत. शब्द फोडला की शब्द कळतो, पेशंटला काय झालंय ते डॉक्टरच सांगणार. हे वाक्य मुलींनी लिहून घेतलं. हिरामणरावांचा तेव्हा पुढचा शब्द फोडण्यासाठी हात वर असायचा.

घरात त्याचा पहिला प्रयोग बायकोवर झाला. "वत्सला, आर्थ्र म्हणजे सांधा आणि आयटिस म्हणजे सूज. तुझ्या गुडघ्याचं सगळं त्या शब्दातच आहे." वत्सलाबाई म्हणाल्या, "मग आता दुखायचा थांबेल का?" पण गावाकडचे लोक इतके कद्रू नव्हते. रिपोर्ट आधी हिरामणमामांना दाखवायचा आणि मग डॉक्टरांना, असा शिरस्ताच पडला. लोकांनी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि ते तिथे मजेत राहू लागले.

अशात त्यांची थोरली बहीण कुसाबाई पोटात दुखतं म्हणून मुलाबरोबर आली. आईमागे हिरामणला तिनेच वाढवलं होतं. सोनोग्राफी झाली. डॉक्टर आठवडाभर बाहेरगावी गेले होते. तिचा मुलगा रविराज याने सवयीने रिपोर्ट मामांच्या हातात दिला.

यकृतापाशी शब्द होता हिमॅन्जिओमा. पाठ केलेला प्रश्नच पेपरात यावा तसा हिरामणरावांना आनंद झाला. "हिम म्हणजे रक्त, अँजिओ म्हणजे वाहिनी, ओमा म्हणजे गाठ. अक्का, तुझ्या यकृतात रक्तवाहिन्यांची गाठ आहे. काळजी करू नकोस." हे शेवटचं वाक्य त्यांनी अशा आवाजात म्हटलं की रविराजने आईचा हात धरला.

कुसाबाईने एवढंच विचारलं, "तुझ्या दाजींना झाली व्हती तशी गाठ हाय का?"

दाजी त्यातच गेले होते. इथे 'मला माहीत नाही' म्हणणं सरळ होतं, पण क्लास लावल्यापासून ते वाक्य हिरामणरावांच्या तोंडी उरलंच नव्हतं. ते खरं तेच बोलले. "त्यांच्या शब्दातही शेवटी ओमाच होतं."

कुसाबाई गावी गेली. दुसऱ्या दिवसापासून बिस्किटांचे पुडे आणि मोसंबी घेऊन लोक भेटायला येऊ लागले. तिने सुनेला, सविताला, जवळ बसवून कपाटाच्या किल्ल्या तिच्या हाती दिल्या आणि स्वतःच्या हातातल्या सोन्याच्या पाटल्याही उतरवून दिल्या. सविता रडली, नको म्हणाली आणि मग तिने त्या घेतल्या.

डॉक्टर परत आले, रिपोर्ट पाहून हसले. ही गाठ कुणाला काही करत नाही, पुष्कळांच्या अंगात असते आणि त्यांना कळतही नाही. दुखणं पित्ताचं होतं. रविराजने गावात पेढे वाटले. हिरामणमामांचं वजन मात्र तसूभर कमी झालं नाही. गाठ हाय म्हणले व्हते, गाठच निघाली की नाय?

पाटल्यांचं मात्र वेगळं झालं. सविताने तोवर त्या मोडून गंठण करायला टाकलं होतं. किल्ल्या परत कुणी मागितल्या नाहीत आणि कुणी दिल्याही नाहीत. आपल्याच घरात चहाला साखर मागून घ्यायची कुसाबाईवर वेळ आली. एक दिवस ती पिशवी घेऊन भावाकडे आली. "राहते जरा," म्हणाली. किती दिवस, ते हिरामणरावांनी विचारलं नाही. जेवताना ते तिच्या मोकळ्या मनगटांकडे बघायचं टाळत.

एका सकाळी गावातला फकिरा बायकोला घेऊन आला. बायको सोफ्याच्या कडेला बसली. "मामा, तुम्ही सांगा, मग डॉक्टरकडं जातो," म्हणत फकिराने रिपोर्ट पुढे केला. हिरामणरावांनी चष्मा लावला. लांबलचक शब्द होता आणि त्याच्या शेवटी ओमा. तोंड आपोआप उघडलं.

कुसाबाई शेजारी मेथी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "सांग की. तिच्या हातात अजून हायेत पाटल्या."

हिरामणरावांनी कागदाची घडी घातली. क्लास लावल्यापासून पहिल्यांदाच ते म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही, फकिरा. डॉक्टरांनाच विचारू."

फकिराचा चेहरा उतरला. मामांना कळत नाही असा शब्द त्याने आजवर पाहिला नव्हता.

"एवढं वाईट हाय का, मामा?"

 त्याची बायको हातातली पाटली चाचपत बसली होती.