पाटा आणि पेटी

ओल्या दगडाचा वास आला की मिलची खोली सोडली तो दिवस आठवतो. मिलला टाळं लागलं होतं, सामान दारातल्या ठेल्यावर चढलं होतं आणि जागा थोडीच उरली होती. ठेलेवाला म्हणाला, "बाबूजी, या तो पेटी चढ़ेगी या सिल. दोनों में पहिया बैठ जाएगा." सिल म्हणजे बायकोचा माहेरून आलेला पाटा. पेटीत होते बाघजवळच्या नाल्यातून आम्ही दोघांनी वेचलेले जीवाश्म, माळव्यात समुद्र होता तेव्हाचे, दगड झालेले शंखशिंपले. थोरला भाऊ कडाडला, "नोकरी गेली तरी दगडांचं खूळ जात नाही? फेक ती पेटी!" मी पेटीचा दोर सोडू लागलो. तेवढ्यात बायकोनं पेटीतून एक गोल दगड काढला, नक्षी उठावी म्हणून आम्ही नेहमी करायचो तसा जिभेनं ओला केला आणि भावासमोर धरला. दगडाच्या पाठीवर कुठल्याशा समुद्री जीवाच्या पाच पाकळ्या उमटल्या. "शी!" भाऊ मागं सरला. "भाऊजी, पाटा बाजारात मिळतो. समुद्र कुठल्या दुकानात मिळतो, सांगा," म्हणत तिनं स्वतःच पाटा खाली उतरवला. पुढं बरेच दिवस ती शेजारी जाऊन चटणी वाटायची, ते मला अजून टोचतं. पण नातलगांनो, "नवऱ्याच्या खुळापायी बिचारीचा पाटा गेला" हे आता पुरे. ती बिचारी नव्हती. पाच पाकळ्यांचा तो दगड तिलाच सापडला होता. आज तो माझ्या खिडकीत आहे. ज्याला शंका असेल त्यानं यावं आणि चाटून बघावं.