सरजाबाईनं नवऱ्याचं नाव घेतलं

नारळ माझ्याच हातात होता, म्हणून सांगायचा हक्क बी माझाच. राणीसावरगावच्या आमच्या शिवारात विहीर खोदायला सरजाबाई आन् तिचा नवरा भुजंग आले होते. तो पन्नास फूट खाली, ती वर यारीवर. यारी म्हणजे खालची दगडमाती बकेटीनं वर ओढायचं यंत्र. बाई यारी चालवती म्हणून लोक फिदीफिदी हसायचे. मी बी हसलो, खोटं कशाला बोलू!

त्या दुपारी बकेटीत मऊ, हिरवट दगड आला. "पाणी लागलं!" खालून भुजंग ओरडला. आमच्याकडं रीत हाय, पाणी लागलं की मालकानं उतरून तळाला नारळ फोडायचा, आन् तवर खोदणाऱ्यानं जागा सोडायची न्हाई. मी चपला काढल्या.

सरजाबाईनं तो दगड चिमटीत दाबला. साबणावानी घसरला. तिचं तोंड पांढरंफटक पडलं.

"भगवानराव, बकेटीत पाय टाकू नका."

"का गं बाई, मुहूर्त बघायलीस का?"

"ह्यो दगड न्हाई ऱ्हायला. लाखो वर्सं पाणी ह्याच्यातून हिंडलंय. पाणी दगडाचं सत्त्व काढून नेतं, दुसरीकडं भेगांत त्याचे पांढरे खडे बसवतं, आन् हितं ऱ्हाती निस्ती माती. वरच्या कड्याचं सगळं वझं हिच्यावर हाय. माझा बाप असल्याच हिरव्यात गाडला गेला."

मला लय राग आला. माझी विहीर, आन् ही मला शिकवती! पर तिनं मला कोपरानं बाजूला सारलं आन् रिकामी बकेट खाली सोडली.

"अवो, वर या!"

"नारळ फुटल्याबिगर न्हाई येत!"

खालून बारीक खडे निखळल्याचा आवाज आला. आमच्यात बायको उखाण्याबिगर नवऱ्याचं नाव घेत न्हाई. सरजाबाई काठावर वाकली आन् चारचौघांत बोंबलली, "भुजंग्या! भेकडा! दम असंल तर वर येऊन बोल!"

झालं! गडी पिसाळला. शिव्या देतच बकेटीत चढला. तिनं यारी अशी ओढली की दोर करकरला.

भुजंगानं काठावर पाय टाकला, तिच्यावर हात उगारला, आन् खाली धडाम झालं. अख्खा कडा ढासळला. धुरळा आमच्या तोंडावर आला.

उगारलेला हात तसाच ऱ्हायला. सरजाबाई मटकन खाली बसली आन् हमसून हमसून रडायला लागली. भुजंग बी तिच्यापुढं बसला.

"घे की अजून एकदा नाव," तो म्हणाला.