खरखर

आमच्या व्याह्यांएवढा भित्रा माणूस देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत दुसरा नसेल, आणि गाणं ऐकायला भिणारा तर साऱ्या पृथ्वीवर नसेल. लोक गाणं ऐकतात जीव रमवायला. हे गृहस्थ ऐकायला बसतात तेव्हा सर्पमित्राने पिशवी उघडावी तसे बसतात. वीज खात्यात वायरमन म्हणून जन्म काढला. खांबावर चढून चढून विजेची एवढी ओळख झाली, की निवृत्त झाल्यावर तिच्यावरचा विश्वासच उडाला. ज्याला वीज काय चीज आहे ठाऊक नाही तो बटण दाबून मोकळा होतो. आमचे व्याही बटणासमोर हात जोडतात.

हे मी उगाच म्हणत नाही. यंत्र सुरू करण्याआधी ते गाऱ्हाणं घालतात. देवळात घालतात तसंच, उभ्याने, टोपी सारखी करून. "बा म्हाराजा, ही तुझी वीज सरळ येव दे, वरखाली होव नको, तारेत मुंगी शिरली असात तर तिका भायर काढ, आणि रेकॉर्डीवर ओरखडो पडाक देव नको रे म्हाराजा." मग आतून चुलीकडून विहीणबाई म्हणतात, "व्हय म्हाराजा." त्यांनी व्हय म्हटल्याशिवाय बटण दाबलं जात नाही. एकदा त्या बाजाराला गेल्या होत्या तर आम्ही दोघे तासभर मुकाट बसून राहिलो.

विजयदुर्गाच्या अलीकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर. माझी मुलगी आणि जावई शहरात असतात, घरात ही दोघंच. खाऱ्या वाऱ्याने यंत्रं गंजतात म्हणून सगळा संसार बिनखिडकीच्या खोलीत मांडलेला. रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, दोन कॅसेटची यंत्रं, अँप्लिफायर, संगणक. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, दुधाच्या कपाटाचे ठेवतात तसे, कारण एकदा मुंग्यांनी अँप्लिफायरात वारूळ केलं होतं. समुद्रावर तळहाताएवढा ढग दिसला की घरातल्या सगळ्या वायरी उपटायच्या, दारावरची घंटासुद्धा. संगणकाने 'अपडेट करू का' असं विचारलं तर त्याच्यावर पंचा टाकून बाहेर येऊन बसायचं. शेवटी भीतीने त्याचं इंटरनेटच तोडून टाकलं. "विचारणारोच नको," म्हणाले.

आणि वस्तू निवडणं म्हणजे मुलीला स्थळ बघण्यापेक्षा कठीण. संगणकावर गाणं वाजवायची दोन सॉफ्टवेअरं होती. त्यातलं कुठलं ठेवावं यात त्यांनी एक अख्खा पावसाळा घालवला. मला बोलावलं, एकच अभंग आधी एकात लावला, मग दुसऱ्यात. "बरो खयंचो?" मी म्हटलं, "दोनय सारखेच." पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी शाळेत चौथीपर्यंत गेलो आणि जन्मभर होड्यांची डागडुजी केली, मला त्यातलं काय कळणार. पण तेव्हाच मी आणखी एक सांगितलं होतं, की तुमच्या डाव्या स्पीकरची मागची फळी सुटलीय. होडीची फळी ठोकून आवाजावरून कुजकी ओळखतो मी, ते कानाला लागतंच. सोळाव्या दिवशी त्यांनी खोका उघडला. फळी सुटलेलीच. तेव्हापासून दोन्ही खोके फणसाच्या लाकडाचे मी बनवून दिलेत, आणि माझ्या कानाला त्या घरात मान आहे.

त्यांचा खरा वैरी म्हणजे खरखर. गाण्याच्या मागे जरा सूं झालं की दाढ दुखल्यासारखा चेहरा. ऐकताना खोकायचं नाही, विडी नाही, ओली छत्री अंगणात. माझा गुडघा वाजतो म्हणून मला मांडी घालून बसायची बंदी. मी तोंडावर सांगायचो, "व्याहीनू, तुमी गाणा ऐकतच नाय, चोर पकडूक बसल्यासारे बसतास." ते हसायचे नाहीत. माझी बायको मात्र हसायची. ती असेपर्यंत आम्ही दोघं जायचो तिकडे. परतताना एसटीत ती त्यांचं गाऱ्हाणं घालून दाखवायची आणि पुढच्या बाकावरचे लोक वळून बघायचे.

गेल्या संक्रांतीनंतर ती गेली.

फोटो आहेत. मुलीच्या लग्नातले आहेत, रेशनकार्डावरचा आहे. आवाज नाही. दोन महिन्यांनी एक दिवस मी अंगणात उभा होतो आणि ती मला हाक कशी मारायची ते आठवेना. शब्द आठवत होते, आवाज येत नव्हता. एवढा मी कधी भ्यालो नाही. वादळात होडीवर सापडलोय, तेव्हाही नाही. मग पेटी उपसली. माझा भाऊ जहाजावर होता, त्याने एका गणपतीला टेपरेकॉर्डर आणला होता आणि आमच्या पडवीतलं भजन भरून घेतलं होतं. भजन मी म्हणत होतो, ती आत भजनकऱ्यांसाठी उसळीची तयारी करत होती. त्यात कुठेतरी ती बोलली होती, एवढं मला पक्कं ठाऊक. टेपरेकॉर्डर केव्हाच गंजून गेला होता. कॅसेट सापडली, पण फितीवर पांढरी बुरशी चढलेली.

व्याह्यांकडे गेलो आणि म्हटलं, "भजनाची कॅसेट आसा. वाजवून देयात?"

एवढंच म्हटलं. व्याह्यांपुढे बसून बायकोचा आवाज मागायचा कसा? मुलगी दिलेल्या घरी आम्ही पाण्याचा पेलासुद्धा दोनदा नको म्हणून मग घेतो. या वयात ते शब्द तोंडातून निघेनात.

त्यांनी कॅसेट उजेडात धरून उलटसुलट बघितली. "ही एकदाच वाजतली," म्हणाले. "दुसऱ्यान वाजात ह्येची खात्री नाय." मग सुरू झाली निवड. एक यंत्र फीत ओढतं जोरात, दुसऱ्याचं रबर सैल. एका सॉफ्टवेअरात भरून घेताना मध्येच बंद पडायची भीती, दुसऱ्यात आवाज फाटायची. दीड महिना गेला. मी दर आठवड्याला जायचो, नवीन भीती ऐकून परत यायचो, आणि रात्री माझ्या भीतीत ती मिळवायचो. शेवटी वैशाखात त्यांनी गाऱ्हाणं घातलं, कानाला हेडफोन लावला आणि मला म्हणाले, "तुमी भायर बसा. तुमचा काळीज धडधडता ता माका हय ऐकाक येता."

मी पडवीत बसलो. आतून काही ऐकू येईना. तासाभराने ते आले, घामाने भिजलेले. भरून झालं होतं. परत गुंडाळताना फीत दोन ठिकाणी तुटली. "आता तिचा काम नाय," म्हणाले. मी तुकडे रुमालात बांधून घेतले.

आठवड्याने बोलावणं आलं. दुपारची वेळ. व्याही कधी नव्हे ते खुशीत. गाऱ्हाणं, व्हय म्हाराजा, बटण. आणि माझा चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज त्या फणसाच्या खोक्यांतून असा आला की मीच दचकलो. पखवाज, झांज, पेटी, सगळं धुतल्यासारखं. मागे काही नाही. भजन संपलं, दुसरं लागलं, तेही संपलं. मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो. शेवटचं संपलं.

"ही खंय?" मी विचारलं.

"कोण?"

"ही. हेच्यात ती होती. आडाळ्यावर नारळ खवत होती, ता ऐकाक येय. मधी बोललीसा."

व्याह्यांचा चेहरा पांढरा पडला. "खर्र खर्र होता, ता मी खरखर म्हणान काढून टाकलंय. आठ दिवस बसान साफ केलंय. मधली बडबड कापलंय." मग अगदी हळू म्हणाले, "माका सांगलात नाय कित्याक?"

रुमालातले तुकडे माझ्या खिशातच होते. मी रुमाल काढून टेबलावर ठेवला.

ते टेबलाला धरून उठले. मग आत बघून म्हणाले, "गो, तांदळाचो डबो हाड." विहीणबाईंनी डबा आणला. त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि तीन पिशव्यांत बांधलेला पेन ड्राइव्ह काढला. "पयलो भरलेलो, तसोच. काय एक पुसूक नाय. भियान ठेवलंय. अजून एक सावंतवाडीक भैणीकडे आसा, तिच्या तांदळात." आणि मान खाली घालून म्हणाले, "असली घाण जपतंय म्हणान कोणाक सांगूक नाय."

या माणसाच्या भीतीला मी पंधरा वर्षं हसलो होतो.

त्या दिवशी ते गाऱ्हाणं घालायला विसरले. बटण सरळ दाबलं. आधी नुसती सूं सूं, जाळं ओढताना वाळू वाजते तशी. मग भजन, आणि त्याच्यामागे आडाळ्यावर नारळ, खर्र, खर्र, थांबून पुन्हा खर्र. ती हात बदलायची तेव्हा बांगड्या वाजायच्या, त्याही वाजल्या. बाहेर समुद्रावर काळं आलं होतं, एक गडगडाट झाला. व्याह्यांचा हात वायरीकडे गेला. दुसरा गडगडाट जवळ झाला. हात वायरीवरच राहिला, पण त्यांनी वायर उपटली नाही. दुसऱ्या हाताने आवाज मोठा केला. एक अभंग संपला, कुणीतरी झांज खाली ठेवली, आणि दारातून ती म्हणाली, "ऐकलात? घसो बसलो तुमचो. वायच पाणी पिया मगे."

ते झालं, आणि त्यांनी वायर ओढली, खोलीतला दिवाही बंद केला. आम्ही दोघे अंधारात बसलो. माझा गुडघा वाजला तरी ते काही बोलले नाहीत.

पेन ड्राइव्हची एक नक्कल आता माझ्याही तांदळात आहे. वाजवायला यंत्र नाही. माझ्यासाठी कुठलं घ्यावं ते व्याही बघतायत, खाऱ्या वाऱ्याला टिकेल असं, मुंगी शिरणार नाही असं. बरेच महिने झाले, अजून काही पसंत पडत नाही. मीही घाई करत नाही. ती घरात बोलली आणि मी स्वयंपाकघराकडे वळून बघितलं तर, याची मला भीती वाटते. त्यापेक्षा एसटीने तिकडे जातो. ती पाणी पिया म्हणते तेव्हा विहीणबाई मुकाट्याने तांब्या आणून ठेवतात. पहिल्यासारखं दोनदा नको म्हणत नाही. पितो.