पिवळा दिवा विझेपर्यंत

रोज पहाटे नरेंद्र चावी अर्धीच फिरवायचा आणि थांबायचा. समोर वेटोळ्याच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागायचा. तो विझेपर्यंत नरेंद्र आपल्या सवाऱ्यांची नावं पुटपुटायचा, ज्या थांब्यावर जी भेटेल त्या क्रमाने. चंपाबाई, कमळ, मेहरीन, आनंदीबाई... दिवा विझला की चावी पुढे. कामतघरच्या आमच्या चाळीत कुणी याला जप म्हणायचं, कुणी हजेरी. तो म्हणायचा, "डिझेलची गाडी हाय. थंड असली की आधी हीटर तापू द्यावा लागतो. तोवर तोंड रिकामं कशाला ठेवायचं?"

आधी तो लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होता. लूम विकले गेले तेव्हा त्याने ही जुनी व्हॅन घेतली आणि मानकोलीच्या गोदामांत पॅकिंग करणाऱ्या बायकांना पहिल्या शिफ्टला न्यायला लागला. व्हॅनला तो 'आमची' म्हणे. "आमचीला आज आंघोळ घालायचीय," असं म्हणाला की वनितावहिनी विचारायच्या, "मग मी कोण?"

डिसेंबर लागला आणि आमची बिघडली. दिवा विझायचा, नावं संपायची, पण सेल्फ मारला की इंजिन नुसतं कण्हायचं. मग एकदम धडधडायचं, सगळी गाडी हिव भरल्यासारखी कापायची आणि मागून पांढरा धूर निघायचा. कधी तेवढंही नाही. मग ढकलणं; वाटेत थांब्यावर बंद पडली की बसलेल्या बायकाही उतरून ढकलायच्या.

"नरेंद्रभाऊ, भाडं आम्ही द्यायचं का तुम्ही?" चंपाबाई मागून ओरडायच्या. त्या आमच्याच चाळीत राहायच्या, त्यामुळे ढकलायला सुरुवात त्यांच्यापासून व्हायची.

हसण्यावारी जात होतं, तोवर ठीक होतं. पण बायका दोनदा गेटवर उशिरा पोचल्या, आणि सुपरवायझरने शुक्रवारी नरेंद्रला बाजूला घेतलं. पुन्हा उशीर झाला तर ड्युटी दुसऱ्या गाडीला. ती गाडी सुपरवायझरने बघूनही ठेवली होती. नरेंद्र घरी आला तो अर्धी भाकरी ताटात टाकून उठला. वहिनींना तेवढ्यावरून कळलं.

तसं त्याने गॅरेज गाठलं नव्हतं असं नाही. मानकोलीच्या रस्त्यावर सत्तारभाईंचं गॅरेज आहे. ड्युटी संपली की दुपारी तो व्हॅन तिथे न्यायचा, वाटेत धुऊन, काचा पुसून. सत्तारभाई कान लावून ऐकायचे आणि हात झटकायचे. "हिला काय झालंय? मख्खन चालतेय." त्यांनी फिल्टर बदलला, डिझेलच्या पाइपातली हवा काढली, बॅटरी तपासली. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच कण्हणं.

शुक्रवारी संध्याकाळी मात्र सत्तारभाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. "अरे बाबा, तू आजारी माणसाला बरा करून माझ्याकडे आणतोस! मला ती थंडगार पाहिजे. उद्या पहाटे मीच येतो. तोवर चावीला हात लावू नको."

शनिवारी अंधार असतानाच ते मफलर गुंडाळून स्कूटरवर आले. वहिनींनी चहा हातात दिला. सत्तारभाईंनी बॉनेटवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

"ही गरम कशी?"

नरेंद्र फडक्याने काच पुसू लागला.

"मी विचारतोय, गरम कशी?"

"तुम्ही येणार म्हणून," नरेंद्र खाली बघत म्हणाला, "जरा चालू करून ठेवली. पाहुण्यापुढं खोकत बसली असती, बरं दिसतं का?"

सत्तारभाईंनी आधी कपाळावर हात मारला, मग ते इतके हसले की कपातला चहा मफलरवर सांडला. वहिनी दारातून म्हणाल्या, "भाईजान, माझ्या माहेरची माणसं येतात तेव्हा हे बनियनवर बसतात, आणि हिची एवढी काळजी!"

त्या संध्याकाळी सत्तारभाई व्हॅनची चावीच घरी घेऊन गेले.

रविवारी सुट्टी. तरी पहाटे अर्धी चाळ बाहेर उभी होती. सत्तारभाईंनी आधी बॉनेटला हात लावून पाहिला. गार. मान डोलावली, चावी लावली. दिवा लागला, विझला. नरेंद्र बाहेर उभ्या उभ्या नावं पुटपुटत होता. इंजिन कण्हलं, कापलं, पांढऱ्या धुरात मुलं खोकायला लागली. आणि सत्तारभाईंचा चेहरा असा खुलला, की जणू लेकीला स्थळ सांगून आलंय.

"पाणी आणा, पाणी!"

इंजिनाच्या कुशीत चार नळ्या असतात, चार सिलिंडरांचा धूर बाहेर नेणाऱ्या. सत्तारभाई बोटं बुडवून पाणी शिंपडायला गेले, पण थेंब भलतीकडेच उडाले.

"सरका," चंपाबाई पुढे झाल्या. "तवा तापला का बघायचाय ना? ते काय मला शिकवता?"

त्यांनी दोन बोटांनी नेमकं शिंपडलं. पहिल्या नळीवर चुर्र. दुसरीवर चुर्र. तिसरी गप्प, चौथी गप्प, थेंब तसेच बसून राहिले.

"ह्या दोन चुली पेटल्याच न्हाईत," चंपाबाई म्हणाल्या.

"बरोबर. एकेका चुलीला एकेक हीटर, त्यातले दोन मेलेत," सत्तारभाई म्हणाले. "गाडी चालून तापली की चारी पेटतात, म्हणून मला दुपारी काही दिसेना."

"पण दिवा तर विझत होता!" नरेंद्रला हे पटेना. इतक्या पहाटा त्याने त्या दिव्यावर विश्वास टाकला होता.

"दिवा त्याची वेळ झाली की विझतो. हीटर तापले का न्हाय, त्याला काय ठाऊक?"

दोन्ही हीटर काढले तर टोकं जळून गेलेली. नवे बसवून झाले. पण इंजिन आता तापलेलं, त्यामुळे खरं उत्तर सोमवारच्या पहाटेच मिळणार होतं.

सोमवारी चंपाबाई आल्या त्या गाडीत न बसता सरळ मागे जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात व्हॅनवर टेकवून, पदर खोचून. वहिनी पायरीवर. नरेंद्रने चावी अर्धी फिरवली. पिवळा दिवा लागला. चंपाबाई, कमळ, मेहरीन, आनंदीबाई... दिवा विझला. त्याने चावी पुढे नेली.

सेल्फ वाजला न वाजला तोच इंजिन सुरू झालं. कापणं नाही, धूर नाही, एकसारखा आवाज. चंपाबाईंना धक्का द्यायची संधीच मिळाली नाही. वहिनींनी टाळी वाजवली आणि वाजवली म्हणून लाजल्या.

मानकोलीच्या गेटवर सुपरवायझर हात मागे बांधून उभा होता. त्याने व्हॅनकडे पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि गेट उघडायची खूण केली. बायका हसत, डबे सावरत उतरल्या. नरेंद्र आरशात बघत होता. शेवटच्या चंपाबाई. त्यांनी खुशीत दार असं ओढलं की काच थरथरली.

नरेंद्रने मान बाहेर काढली.

"दार हळू लावा, चंपाबाई."