जिझानचा हमिंगबर्ड

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जागा सोडून. तिथे माझा हात जरा सैल सुटलाय. काय करणार, कॅम्पात किस्से वाळूसारखे साचतात, झाडावे तेवढे पुन्हा दाराशी हजर.

दापोलीचा निसार आमचा नवा इलेक्ट्रिशियन, सौदीतल्या जिझानला येऊन तीन महिने झालेले. कुंपणाच्या फुलांवर त्याला करंगळीएवढा, निळा चकचकीत पक्षी दिसला. लगेच लेकीला फोन. "सना, इथे हमिंगबर्ड आहे."

सनाने वर्गात सांगितलं. बाई म्हणाल्या, "हमिंगबर्ड फक्त अमेरिकेत." पोरं "थापाडी, थापाडी" करत तिच्या मागे. सनाने बजावलं, "अब्बा, गुरुवारपर्यंत खरं नाव सांगा, नाहीतर मी शाळेत जाणार नाही."

*

मेसचे हसनचाचा श्रीवर्धनचे. ते म्हणाले, "अरे, हा शिंजीर. फांदीवर बसून मध पितो. हमिंगबर्ड हवेत तरंगून पितो."

निसार दुपारभर उन्हात उभा. "चाचा, तरंगला."

"किती वेळ?"

"दोन सेकंद."

"तेवढा मीपण तरंगतो, सुपरवायझर दिसला की."

"पण कोकणातला शिंजीर इथे कसा?"

"तू कसा आलास? त्याला निदान इकाम्याचा परवाना तरी लागत नाही."

एवढं मात्र पटलं, की शिंजीरच, पण इथल्या जातीचा. बाईंना पूर्ण नाव हवं होतं.

*

आमचा म्हातारा गेटमन डोंगरातला, डोक्यावर ताज्या फुलांचा मुकुट घालणारा. बुधवारी पक्षी थेट त्या मुकुटावरच उतरला. निसारने बोट दाखवून नाव विचारलं. म्हातारा मान न हलवता म्हणाला, "मा अदरी."

निसारने तळहातावर लिहून घेतलं, मादरी शिंजीर. गुरुवारी सनाने वर्गात सांगितलं आणि बाईंनी ते फळ्यावर लिहिलं.

*

शुक्रवारी मी सांगितलं, "निसारभाय, मा अदरी म्हणजे 'मला काय ठाऊक'."

निसारचा चेहराच उतरला. त्याने आमच्यासमोरच फोन लावून लेकीला सगळं कबूल केलं. मग सना हळूच म्हणाली, "अब्बा, बाईंना बोलू नका. त्या परीक्षेत विचारणार आहेत. मला थापाडी म्हणणारे सगळे आता ते पाठ करतायत."

*

बनवलेलं म्हणाल तर एवढंच, की पक्षी मुकुटावर उतरला नव्हता. तो झुडपात होता आणि म्हातारा वळेपर्यंत उडूनही गेला होता. निसार रिकाम्या झुडपाकडे बोट दाखवून नाव विचारत होता.